धावत्या ट्रकवरचा सूर

माझ्या मामाचा कान सोन्याचा होता, हे मी आधीच मान्य करून टाकते. नाहीतर नेरमधली जुनी माणसं अजूनही माझ्या अंगावर येतात. "उकंडा मास्तराबद्दल वाकडं बोलतेस? अगं, भांडं पडलं तर ते कोणत्या सुरात पडलं हे सांगायचा तो!" सांगायचा ना. कोण नाही म्हणतंय? त्याच्या कानाशी माझं भांडण नाहीच. कान आणि जीभ यांच्या मधे माणसाला थोडी अक्कल दिलेली असते, तिथं माझं भांडण आहे. ते भांडण मी त्याच्या मरणानंतरही मिटवलेलं नाही आणि मिटवणारही नाही.

उकंडा मास्तर म्हणजे माझ्या आईचा सख्खा मोठा भाऊ. आईचं नाव इंदूबाई. नेरमधल्या आमच्या वस्तीचा जो बँड होता, तो त्यानं उभा केला, त्यानं शिकवला आणि त्याच्या डोळ्याच्या इशाऱ्यावर तो चालायचा. त्या बँडमधले क्लॅरनेटवाले भीमराज, ते माझे वडील. क्लॅरनेट त्यांना मामानंच शिकवलं आणि बहीणही मामानंच दिली. हाताला धरून वर चढवलेला माणूस खाली ढकलायचा हक्क आपल्यालाच आहे, असं काही लोकांना वाटतं. मामाला वाटायचं.

पण मामाचा राग कुठून आला, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्याचा बाप, म्हणजे माझा आजोबा, सनई वाजवायचा. वरातीत वाजवणाऱ्याची पाठ नवरदेवाला दिसू नये, असा तेव्हाचा दंडक. म्हणून आजोबा नवरदेवाकडे तोंड करून, सनई वाजवत, मागं मागं चालायचा. गाव संपेपर्यंत. मागं खड्डा आहे की दगड, दिसणार कसं? मामा त्याच्या शेजारी सूर धरायला असायचा. सूर धरणाऱ्याला गाणं नसतं. त्यानं गाल फुगवून एकच सूर शेवटपर्यंत लावून ठेवायचा. एका वरातीत आजोबा पाठमोरा नालीत गेला आणि लोक हसले. वरात त्याच्या अंगावरून पुढं गेल्यासारखी निघून गेली. मामानं तो सूर तसाच धरून ठेवला होता, कारण सूर सोडला असता तर त्याला मार पडला असता. त्याचा कान असा घडला. हे आठवलं की मलाही त्या वरातीचा संताप येतो.

छप्पन साली मामा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. आल्या आल्या त्यानं वस्तीतल्या वाजवणाऱ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, "आता आपला बाजा कोनाच्याच म्होरं मागं मागं चालनार नाई. पायी चालनारच नाई. बसून वाजवू, नाईतर गाडीवर वाजवू."

सनई गेली आणि अमरावतीहून क्लॅरनेट आलं. मोठा ढोल, ताशा आणि झांज आली. लग्नाला बोलवायचं तर मांडवात खुर्च्या द्या, असं मामा यजमानाला तोंडावर सांगायचा. कितीतरी लोकांनी बोलावणंच बंद केलं. मामाला काही फरक पडला नाही. या बाबतीत मला त्याचा अभिमान आहे, आणि अभिमान आहे म्हणूनच पुढच्या गोष्टीचा राग दुप्पट येतो. ज्याला हसण्याची जखम माहीत होती, त्यानंच दुसऱ्याला लोकांच्या हशाच्या तोंडी दिलं.

साठ सालच्या जयंतीला मामाच्या डोक्यात एक कल्पना आली. कापसाच्या जिनिंग कारखान्याचा ट्रक एका दिवसासाठी मिळाला होता. त्यावर बँड चढवायचा. पण ट्रक मिरवणुकीत हळूहळू चालवला, तर तो पायी चालल्यासारखाच, असं मामाचं म्हणणं. ट्रक धावला पाहिजे. नाक्याजवळ सडक सरळसोट आहे. तिथं दोन्ही बाजूंना दोर बांधून लोक उभे करायचे, मधून ट्रक भरधाव जाईल आणि वर बँड सलामी वाजवत असेल. मामा स्वतः नाक्यावरच्या मांडवात पेटी घेऊन बसणार. पेटीपुढं माइक असेल आणि आवाज भोंग्यातून निघेल. मामा पेटीवर एक सूर धरून ठेवणार, आणि धावत्या ट्रकवरून भीमराज तोच सूर क्लॅरनेटवर लांब धरत येणार. जमिनीवरचा आणि ट्रकवरचा सूर एक. आमचा बाजा पळतो आणि पळतानाही त्याचा सूर हलत नाही, हे त्याला अख्ख्या तालुक्याला दाखवायचं होतं.

अमरावतीच्या एका मोठ्या बँडचे लोक पाहुणे म्हणून बोलावले होते. ते पांढरे बूट घालून पुढच्या रांगेत बसले होते. मी आईच्या कडेला उभी होते.

ट्रक आला. चालवणारा नेमसिंग, आर्णीकडच्या तांड्यावरचा माणूस. त्याला भरधाव म्हटलं की तो भरधावच नेणार. लांबून क्लॅरनेट ऐकू आलं तेव्हाच मामाच्या कपाळाला आठी पडली. सूर पेटीच्या वर होता, थोडाच, पण वर. मामानं हातानं 'खाली घे' अशी खूण केली. बाबांना ती दिसली नाही. ट्रक आमच्या समोरून सूं करून गेला आणि गेल्याबरोबर क्लॅरनेटचा सूर घसरला. पेटीच्या खाली गेला तो गेलाच, ट्रक पार पुढं जाईपर्यंत वर आला नाही. पेटी एकीकडं आणि क्लॅरनेट दुसरीकडं. ज्यांना सुरातलं काही कळत नाही, त्यांच्यासुद्धा दाताला कळ लागावी असा तो आवाज होता. पांढऱ्या बुटांच्या रांगेत कुणीतरी खुसकन हसलं, आणि मग सगळी रांग हसली.

ट्रक वळून परत आला. बाबा खाली उतरले. उन्हानं तोंड लाल झालेलं, पण खूश होते. त्यांना वाटलं, झकास झालं.

"आज कोनाच्या म्होरं इज्जत घालवली, समजते का तुले?" मामा मांडवातूनच ओरडला.

बाबांना काही कळेना. "काय झालं, मास्तर?"

"काय झालं? येतानी चढला, जातानी उतरला, आन् वरून इचारते काय झालं!"

बाबा म्हणाले, "मास्तर, माहा सूर हालला नाई. पेटीच उतरली होती."

खरं सांगते, बाबांनी हे भांडायला म्हटलं नव्हतं. त्यांना ट्रकवर जे ऐकू आलं, तेच त्यांनी सांगितलं. पण मामाला वाटलं, हा आपला दोष माझ्या पेटीवर ढकलतोय, तोही पाहुण्यांसमोर. माइक चालूच होता. त्यानं जे म्हटलं ते भोंग्यातून नाक्यापासून वस्तीपर्यंत गेलं.

"माही पेटी उतरली? माही? बेसुऱ्या मानसाच्या हाती मी बाजा देला, थेच माही चूक झाली! आजपासून भीमराज या बँडात नाई."

त्यानं मांडवातून उतरून बाबांच्या हातातून क्लॅरनेट काढून घेतलं. ते बँडचं होतं, बाबांचं नव्हतं. बाबांनी ते सोडलं, एवढंच मला आठवतं. हिसकावूनही घ्यावं लागलं नाही.

त्या ट्रकवर बाबा काही एकटे नव्हते. ढोलवाला नागोराव त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. ताशावाला होता, झांजवाला होता. त्या सगळ्यांनी क्लॅरनेट हातभरावरून ऐकलं होतं. नाक्यावर मामा बोलत होता तेव्हा हे सगळे आपापल्या पायांकडं बघत उभे राहिले. म्हणे, ढोलाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

चार दिवसांनी आई नागोरावच्या घरी गेली, मला घेऊन. त्याची बायको पंचफुला हिनं चहा टाकला. आईनं चहाला हात लावला नाही. तिनं सरळ विचारलं, "भाऊ, खरं सांगा. हिच्या बापाचा सूर उतरला होता का?"

नागोरावनं दाराकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "वहिनी, सूर बराबर होता. एकदम बराबर. मलेबी पेटीच उतरल्यासारखी वाटली."

"मंग तवा काहून नाई बोलले?"

"मास्तरापुढं मी कसा बोलू? मलेबी त बँडात राह्याचं हाये."

आई उठली. पंचफुलाबाई चहा घ्या, चहा घ्या म्हणत दारापर्यंत आली. बिचारीचा काही दोष नव्हता. रस्त्यानं चालताना आई माझा हात इतका घट्ट आवळून चालत होती की मी रडले. तिला ते कळलंही नाही.

बाबांना वस्तीत नाव पडलं, 'उतरला भीमराज'. पोरं पाठीमागून ओरडायची. मोठी माणसं पोरांना दटावायची आणि मग स्वतःच हसायची. बाबा घरात भांड्यावर, ताटावर, कशावरही बोट वाजवेनासे झाले. पहिल्या महिन्यात ते मला विचारायचे, "विमल, ह्या आवाजात फरक वाटते का तुले?" आणि दोनदा तोच सूर शिट्टीवर वाजवायचे. त्यांना आपल्याच कानाची शंका यायला लागली होती. माझ्या बापाची ती परीक्षा मला अजून सहन होत नाही. नंतर शिट्टीही बंद झाली.

नेमसिंगनं त्यांना ट्रकवर क्लीनर म्हणून घेतलं. पुढं त्यानंच चालवायला शिकवलं. नेमसिंगला एकदा आईनं विचारलं, तुम्हीही त्या दिवशी ट्रकवर होता, तुम्हाला काय ऐकू आलं? तो म्हणाला, "भीमराज भिया झकास वाजवत होता. पन बाई, मले कोनी इचारलंच नाई." ड्रायव्हरला सुरातलं कोण विचारणार?

आणि एवढ्या काळात नाक्यावरून रोज एस.टी. जात होती. अमरावतीची गाडी भोंगा दाबत यायची, आणि समोरून गेली की तिचा भोंगा धप्पकन खाली उतरायचा. सगळ्या नेरनं हे रोज ऐकलं. उकंडा मास्तरानंही सोन्याच्या कानानं रोज ऐकलं. त्या बसला कुणी बेसूर म्हटलं नाही. बसशेजारी कुणी पेटी धरून बसलं नव्हतं, म्हणून बस वाचली.

मी मॅट्रिकच्या वर्गात गेले तेव्हा आम्हाला शास्त्र शिकवायला घनश्याम सर होते. यवतमाळहून नवीनच आलेले, खडूनं शर्ट भरवून घेणारे. आवाजाचा धडा चालू असताना ते जाता जाता म्हणाले, की आगगाडी शिट्टी वाजवत आपल्याकडं आली की शिट्टी चढी वाटते आणि पुढं गेली की उतरते. गाडीच्या ड्रायव्हरला मात्र ती एकसारखीच ऐकू येते.

मी बाकावरून उठून उभी राहिले. काय विचारायचं ते सुचेना. "सर, परत सांगा," एवढंच म्हणाले.

सरांनी परत सांगितलं. आवाज म्हणजे हवेतले धक्के, एकामागून एक सारख्या अंतरानं येणारे. समजा, बैलबंडीवर बसून कुणी ठेक्यात एक एक कापसाचं बोंड तुमच्याकडं फेकतोय. बंडी तुमच्याकडं येत असेल, तर प्रत्येक बोंड आधीच्यापेक्षा जवळून सुटतं, म्हणून बोंडं तुमच्या अंगावर दाटीनं येतात. बंडी लांब जात असेल, तर प्रत्येक बोंड जास्त लांबून येतं, म्हणून उशिरा उशिरा येतात. फेकणाऱ्याचा ठेका तोच असतो. आवाजाचे धक्के दाटीनं आले की सूर चढतो, विरळ आले की उतरतो. "म्हणजे डोळे मिटूनही कळतं, वस्तू येतेय की जातेय आणि किती वेगानं," सर म्हणाले. "आकाशातला तारा आपल्याकडं येतोय की लांब जातोय, हेही शास्त्रज्ञ त्याच्या उजेडातल्या असल्याच फरकावरून ओळखतात."

"सर, पंचवीस मैलाच्या वेगानं ट्रक गेला तर?"

सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात हिशेब मांडला. "येताना आणि जाताना मिळून पेटीच्या एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर. चांगलाच कळेल. का गं?"

"आणि ट्रकवरच्या माणसाला खालची पेटी ऐकू येत असेल तर?"

सर म्हणाले, "त्याच्या दृष्टीनं पेटीच जवळ येते आणि पेटीच लांब जाते. त्याला पेटी चढलेली आणि मग उतरलेली वाटेल."

ताऱ्याचं काय ते शास्त्रज्ञ बघतील. मी दप्तर उचललं आणि तास चालू असतानाच घरी पळाले. आई तूर पाखडत होती. मी सांगितलं, तिनं दोनदा विचारून घेतलं, सूप तसंच टाकलं आणि पदर खोचला. आम्ही तडक मामाच्या घरी गेलो.

मामा पेटी पुसत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हसला. ते हसू मला आजही दिसतं. "पोट्टी शिकली, चांगलं झालं. पन सुराच्या गोष्टी पुस्तकात नसते, माय. म्या माह्या कानानं आयकलं."

"दादा, कानानं आयकलं थे खरंच होतं," आई म्हणाली. "आता तूच ट्रकवर चढ आन् वाजव. आमी खाली पेटी घेऊन बसतो. तुहा सूर हालला नाई, त मी पुन्हा नाव काढनार नाई."

मामा भडकला. "माहा सूर हालन? चाल! आत्ताच चाल!"

आत्ताच काही झालं नाही, पण त्याच रविवारी झालं. जिनिंगचा हंगाम सरत आला होता आणि ट्रक रिकामा उभा होता. तोवर तो चालवायला बाबांकडंच आला होता. बाबांना हे सगळं नकोच होतं. "कायले जुनं उकरता?" असं ते आईला म्हणत होते. आईनं त्यांच्याकडं एकदाच बघितलं आणि त्यांनी किल्ली घेतली.

विहारातून भोंगा आणला. नाक्यावर मी पेटीची पट्टी दाबून बसले, शेजारी आई आणि घनश्याम सर. ही बातमी वस्तीभर झालीच होती, त्यामुळं पाहता पाहता गर्दी जमली, त्यात नागोरावही. मामा क्लॅरनेट घेऊन ट्रकच्या हौद्यात केबिनला टेकून उभा राहिला. आधी ट्रक उभा असताना त्यानं पेटीशी सूर मिळवला. असा मिळवला की दोन आवाज आहेत हे कळेना. त्या बाबतीत त्याला तोड नव्हती.

मग बाबांनी ट्रक लांब नेला, वळवला आणि भरधाव आणला.

मामाचा सूर चढलेला आला, आमच्या समोरून गेला आणि उतरला. अगदी तसाच. त्याच ठिकाणी, तेवढाच. लोकांत कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना जुना दिवस आठवला होता. आईनं तोंडावर पदर धरला होता. ती रडत नव्हती, दात आवळत होती.

ट्रक परत येऊन थांबला. मामानं हौद्यातून उडीच मारली आणि माझ्यावर धावून आला.

"पेटीले कोन हात लावला? आँ? येतानी चढवली आन् जातानी उतरवली! पेटीच उतरली होती!"

आणि तो थांबला.

हे वाक्य सगळ्यांच्या ओळखीचं होतं. याच जागी, याच ट्रकवरून उतरून, दुसऱ्या एका माणसानं ते म्हटलं होतं.

आता नागोरावला कंठ फुटला. "मास्तर, पेटी तशीच होती. उतरले त तुमी." इतक्या वर्षांनी त्याला ढोलाशिवाय ऐकू यायला लागलं होतं! मला वाटलं, पेटीच उचलून त्याच्या डोक्यात घालावी.

मामानं गर्दीकडं बघितलं. एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. ट्रकवर तो एकटाच होता, खालचे सगळे एकीकडं. शेवटी त्याची नजर केबिनवर गेली. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते.

"भीमराज," मामा म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "तू त वर होता. तू सांग."

मला मनापासून वाटत होतं, बाबांनी म्हणावं, उतरला. किंवा म्हणावं, इंजिनच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. त्यांच्याशी लोक जसे वागले, तसंच त्यांनी वागावं. एकदा तरी.

बाबा खाली उतरले. "तुमचा सूर बराबर होता, मास्तर. मी मागच्या खिडकीतून आयकत होतो. येतानीबी बराबर, जातानीबी बराबर." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पेटीबी बराबर होती. गाडी चालू होती, एवढंच."

नागोराव जे करू शकला नाही, ते बाबांनी अर्ध्या मिनिटात केलं, आणि तेही कुणासाठी! मी घरी येऊन त्यांच्यावर इतकी ओरडले की शेजारी बाहेर आले. ते म्हणाले, "सुराचं खोटं कसं बोलू, विमल?"

मामा त्या दिवशी निघून गेला. दोन दिवसांनी आमच्या घरी आला, स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून आईला म्हणाला, "इंदू, चुकलं माहं."

आईनं चुलीवरून मान वर केली नाही. "मले कायले सांगतं? मले का तू बेसूर म्हटलं होतं? नाक्यावर भोंग्यातून बोलला होता, नाक्यावर भोंग्यातून सांग."

"सांगीन. जयंतीले सांगीन."

जयंतीला नाक्यावर पुन्हा दोर बांधले गेले. ट्रक बाबा चालवत होते. हौद्यात बँड, क्लॅरनेटवर मामानं तयार केलेला नवा माणूस. या वेळी मांडवात पेटी होती, पण मामा ती वाजवत नव्हता. तो माइक धरून उभा होता. आई पहिल्या रांगेत होती.

मामानं शब्द पाळला. कधी पाळला? ट्रक समोर आला तेव्हा. ढोल, ताशा, झांज, क्लॅरनेट आणि इंजिन, सगळं एकदम अंगावर आलं, त्या वेळी मामानं माइकमध्ये तोंड घालून घाईघाईनं काहीतरी म्हटलं. 'भीमराज' एवढा शब्द मला कळला. ट्रक निघून गेला. मामानं माइक खाली ठेवला आणि कपाळाचा घाम पुसला. झालं त्याचं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्याच्यासाठी बोलायचं तो केबिनमध्ये होता. त्याला एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं.

आई दोराखालून वाकून सडकेवर गेली. ट्रक वळून परत येत होता, तशाच वेगात, बँड वाजवत. ती मधोमध उभी राहिली आणि हात वर केला. लोक ओरडले. बाबांनी करकचून ब्रेक दाबला आणि ट्रक तिच्यापासून दोन हातांवर थांबला. हौद्यातले वाजवणारे एकमेकांवर आदळले आणि बाजा बंद पडला.

"इंजिन बंद करा," आई बाबांना म्हणाली.

बाबांनी इंजिन बंद केलं. सगळीकडं शांत झालं.

आई वळली. "दादा, गाडी उभी हाये. आता बोल."

मामानं माइक उचलला. भोंग्यातून खरखर येत होती. "साठ साली इथंच म्या भीमराजले बेसूर म्हटलं," तो म्हणाला. "थो बेसूर नव्हता. त्याचा सूर बराबर होता. त्याची गाडी चालू होती आन् मी बसून होतो. चूक माही होती."

मग तो मांडवातून खाली आला. त्यानं नव्या माणसाकडून क्लॅरनेट मागून घेतलं, खिडकीपाशी गेला आणि दोन्ही हातांनी ते बाबांपुढं धरलं. "जवाईबुवा, एक डाव. सर्व्यायले आयकू द्या." आणि पळत जाऊन पेटीवर बसला. त्यानं तोच जुना सूर लावला.

बाबांनी क्लॅरनेट हातात घेतलं. बऱ्याच वेळानं ओठाला लावलं. इतकी वर्षं त्या ओठांनी वाजवलं नव्हतं आणि ती बोटं गिअर धरून जाड झाली होती. सूर निघाला तो फाटका. पेटीच्या खाली कुठंतरी लोंबकळत राहिला. मलाही कळला, नाक्यावरच्या पोरांनाही कळला. कुणी हसलं असतं तर मी तिथंच त्याचा गळा धरला असता. कुणी हसलं नाही.

मामाचा हात पट्टीवर होता. त्याला कळलं नसेल, असं होणं शक्यच नव्हतं. त्यानं डोळे मिटले आणि माइकमध्ये म्हणाला, "बराबर हाये."

सुराबद्दल तो आयुष्यात एकदाच खोटं बोलला असेल, तर ते त्या वेळी.

बाबांनी क्लॅरनेटची पिपाणी सदऱ्याच्या बाहीला पुसली आणि ते खिडकीतून नव्या माणसाकडं परत दिलं.

"नाई, मास्तर," ते म्हणाले. "हा उतरला. थो नव्हता."

त्यांनी इंजिन चालू केलं. आई सडकेवरून बाजूला झाली आणि ट्रक पुढं गेला.